यंत्राला कोणाचं दुखणं कळतं?



"बायकांचं डोकं चालत नाही, नुसतं मन चालतं," हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेलं आहे. जमिनीच्या वाटणीत तोंड उघडलं, ग्रामसभेत हिशेब विचारला, मुलीचं लग्न इतक्यात नको म्हटलं, की ते ठेवणीतून बाहेर काढलं जातं. भावना म्हणजे दुबळेपणा, बुद्धी म्हणजे भावनेचा अभाव. आणि भावना बायकांच्या वाट्याला, बुद्धी पुरुषांच्या, अशी ही जुनी वाटणी आहे. ह्या वाटणीवर आपण चळवळीत पुष्कळ बोललो, लिहिलं. पण तिला मोठा धक्का बसला तो अनपेक्षित ठिकाणाहून. माणसासारखी विचार करणारी यंत्रं बनवू पाहणारे लोक आणि मेंदूचा अभ्यास करणारे डॉक्टर ह्यांनाच असं दिसू लागलं की भावना काढून टाकली तर शहाणपणही उरत नाही.

अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावात बसून यंत्रांच्या भावनांवर संपादकीय कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण ही यंत्रं आता फक्त पुण्या-बंगलोरच्या काचेच्या इमारतींत राहिलेली नाहीत. गरोदर बाईच्या हातात पोषण आहाराचं पाकीट पडण्याआधी तिचा चेहरा मोबाईलला दाखवावा लागतो. तो चेहरा तिचाच की नाही, हे ठरवणारं यंत्र उदाहरणांवरून शिकलेलं असतं. म्हणून त्याला काय कळतं, काय कळत नाही, आणि कशाची काळजी करायला ते शिकलं आहे, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

आधी माणसाचं पाहू. अंतोनिओ दमासिओ ह्या मेंदूतज्ज्ञाने १९९४ साली एका पुस्तकात आपल्या एका रुग्णाची हकीकत सांगितली. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावर ह्या माणसाची स्मरणशक्ती, भाषा, हिशेब, सगळं शाबूत होतं; बुद्धीच्या चाचण्यांत तो उत्तम गुण मिळवी. पण त्याला कशाचं काही वाटेनासं झालं होतं, आणि त्याबरोबर त्याला साधे निर्णयही घेता येईनात. कागद कोणत्या क्रमाने लावावेत ह्यावर त्याचा अख्खा दिवस जाई. नोकरी गेली, पैसा बुडाला, संसार मोडला. सगळे पर्याय त्याला दिसत. पण अमुक बरा, तमुक घातक, हे आतून सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

त्याच्याही आधी, १९६७ साली, हर्बर्ट सायमन ह्यांनी हीच गोष्ट यंत्राच्या बाजूने मांडली होती. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे सायमन संगणकाला विचार करायला शिकवण्याच्या कामातले एक आद्य संशोधक. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला एका वेळी एकच काम करता येतं आणि ज्याच्यापुढे कामं मात्र अनेक आहेत, त्याला मध्येच अडवून "हे सोड, आधी ते बघ" असं सांगणारी काहीतरी व्यवस्था हवीच. माणसात ते काम भावना करते. भाकरी थापणाऱ्या बाईला पाळण्यातल्या बाळाचं नेहमीचं रडणं ऐकू येतं आणि ती थापत राहते. रडण्याचा सूर बदलला की हात पिठातून निघतो. तिने तेव्हा गणित मांडलेलं नसतं, पण तिने केलेला निर्णय बिनचूक असतो. काय महत्त्वाचं ते सांगणं आणि वेळ आल्यावर चालू काम थांबवणं, ही भावनेची दोन मोठी कामं. ज्याला आपल्याकडे "मन चालणं" म्हणून हिणवलं जातं, ते हे.

आता यंत्राकडे वळू. थांबण्याची अक्कल यंत्रात घालायची, हा विचार संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे, आणि आपल्या ओळखीच्या यंत्रात तो पाहायला मिळतो. ते यंत्र म्हणजे माग. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल-चादरी विणणारे माग चालतात. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकवलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. ही सोय नसेल तर वाराच्या वार कापड खराब निघत राहील आणि यंत्राला त्याचं काही वाटणार नाही. जपानमध्ये साकिची टोयोडा ह्यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्यातही धागा तुटताच थांबण्याची योजना होती. त्यांच्या घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला, तेव्हा हाच विचार माणसांपर्यंत नेला. काही बिघडलं आहे असं दिसलं, तर रांगेतल्या साध्या कामगारानेही दोरी ओढायची आणि काम थांबवायचं.

माग थांबतो तेव्हा त्याला दुखत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण दुखण्याचं जे काम, "काहीतरी मोडलं आहे, थांब" हे सांगण्याचं, ते त्या पत्रीकडे सोपवलेलं आहे. नियंत्रणाच्या शास्त्राचा गाभा एवढाच: मोजायचं, हवं होतं त्याच्याशी ताडून पाहायचं, फरक असेल तर दुरुस्ती करायची किंवा थांबायचं.

शिकणारं यंत्र ह्याच वाटेने एक पाऊल पुढे जातं. त्याला हजारो, लाखो उदाहरणं दाखवतात. ते उत्तर देतं. ते उत्तर किती चुकलं, ह्याचा एक आकडा काढतात, आणि तो आकडा कमी होईल अशा बेताने यंत्राच्या आतली मापं थोडीथोडी बदलत जातात. दुसऱ्या एका पद्धतीत यंत्र स्वतः करून पाहतं आणि परिणाम बरा आला तर त्याला "बक्षीस" म्हणून एक आकडा मिळतो. ह्या पद्धतीचा पाया घालणाऱ्या अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन ह्यांना संगणकशास्त्राचं २०२४ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. विशेष म्हणजे वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिलं, की मेंदूतल्या डोपामिन स्रवणाऱ्या पेशीही काहीसं असंच गणित करतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की त्या चेतवतात, कमी मिळालं की मंदावतात.

म्हणून यंत्राला आनंद होतो असं म्हणता येत नाही. त्याला भूक नाही, अंग नाही, गमावण्यासारखं काही नाही. पण भावनेचं एक काम, काय चांगलं आणि काय वाईट ते सांगण्याचं, त्या आकड्याने उचललेलं आहे. आणि आपल्या दृष्टीने कळीचा प्रश्न इथे सुरू होतो. तो आकडा कोणी ठरवला? बाळाच्या रडण्याला किती वजन द्यायचं, हे आईच्या आत ठरतं. यंत्रात ते बाहेरचं कोणीतरी ठरवतं, आणि ठरवणारी व्यक्ती बहुधा अक्कलकोटच्या रांगेत कधी उभी राहिलेली नसते.

ह्या प्रश्नाला बगल देऊन यंत्राचा धंदा दोन सोप्या वाटांनी पुढे गेला. त्या दोन्ही वाटांवर बायकाच उभ्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सांगते.

पहिली वाट म्हणजे यंत्राने आपल्या भावना "ओळखणं". अमेरिकेतल्या रोझालिंड पिकार्ड ह्या संशोधिकेने १९९७ साली भावना आणि संगणक ह्या विषयावर पुस्तक लिहून ह्या शाखेला नाव मिळवून दिलं. त्यानंतर चेहऱ्यावरून भावना वाचण्याची यंत्रं निघाली. त्यांचा आधार होता पॉल एकमन ह्यांचा जुना सिद्धान्त, की राग, भीती, दुःख, आनंद अशा मोजक्या भावनांचे चेहरे जगभर सारखेच असतात. पण २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चार शास्त्रज्ञांनी झालेल्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला, की नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाच्या मनातलं भरवशाने सांगता येत नाही.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला आणि विचारलं, "राग आला की तुमचा चेहरा कसा होतो?" एक अक्का म्हणाली, "मी भांडी घासायला घेते." दुसरी म्हणाली, "माझा चेहरा सासूपुढे कधीच रागावत नाही, तो शिकलेला आहे." सगळ्या हसल्या, पण हसण्यासारखं त्यात फार थोडं होतं. ह्या सीमेवरच्या गावात बाई घरात कानडी बोलते, बाजारात मराठी, शेजारणीशी दखनी, आणि चौथी भाषा म्हणजे पदराआडचं गप्प राहणं. ती भाषा कोणत्या यंत्राला शिकवली आहे?

तरीही २०२१ च्या जानेवारीत लखनौ पोलिसांनी जाहीर केलं, की छेडछाड होणाऱ्या सुमारे दोनशे जागा हेरून तिथे बायकांच्या चेहऱ्यावरचा त्रास ओळखणारे कॅमेरे बसवले जातील आणि पोलिसांना आपोआप इशारा जाईल. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला. पण त्यात नजर रोखली कोणावर? छेडणाऱ्यावर नव्हे, बाईच्या चेहऱ्यावर. रस्त्यावर वैतागलेल्या, भांडून निघालेल्या, रडू आवरत चाललेल्या प्रत्येक बाईने पोलिसांच्या पडद्यावर का यावं? इतरत्र ह्या बाबतीत माघार सुरू झालेली आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सेवा बंद करण्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाच्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत, वैद्यकीय वा सुरक्षेचं कारण सोडल्यास, अशी यंत्रं वापरायला मनाई आहे. आपल्याकडे अशी नेमकी मनाई नाही.

दुसरी वाट म्हणजे यंत्राने भावना "दाखवणं". १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम ह्यांनी एलायझा नावाचा अगदी साधा कार्यक्रम लिहिला. आपण टाईप केलेलं वाक्य प्रश्न करून परत फेकायचं, एवढंच तो करी. वायझेनबाउम ह्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं! ऐकून घेणारं कोणी नसलं की माणूस भिंतीशीही बोलतो, हे आपल्याला नवं नाही. पुढे अशा बोलक्या यंत्रांना गोड आवाज हवा झाला, तेव्हा तो बाईचा दिला गेला. युनेस्कोने २०१९ सालच्या अहवालात दाखवलं, की शिवी दिली तरी नम्रपणे टोलवणारी ही बायकी यंत्रं "बाईने निमूट ऐकून घ्यावं" हाच जुना धडा नव्या पिढीला देतात. आर्ली हॉक्शिल्ड ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाईसुंदरींचा अभ्यास करून "भावनिक श्रम" ही कल्पना मांडली होती. हसतमुख राहणं हेही काम आहे, आणि त्याची वेगळी मजुरी कोणी देत नाही. अंगणवाडी सेविका, नर्स, आशाताई हे काम रोज करतात. आता यंत्राकडून ते फुकटात होतंय म्हटल्यावर, माणसाने केलेल्या त्याच कामाची किंमत आणखी घसरणार नाही ना, ह्यावर आपण लक्ष ठेवायला हवं.

पण ह्या दोन्ही वाटा मला दुय्यम वाटतात. यंत्र चेहरा वाचतं की गोड बोलतं, ह्याहून ते कोणत्या चुकीला चूक मानतं, हा प्रश्न मोठा आहे. चेहरा ओळखणाऱ्या यंत्राचंच उदाहरण घ्या. जुना फोटो आणि समोरचा चेहरा ताडून ते साम्याचा एक आकडा काढतं. किती साम्य म्हणजे "तीच बाई", ही रेघ मात्र माणसाला आखावी लागते. रेघ वर नेली तर भलतीचं पाकीट दुसरीला जाणार नाही, पण खऱ्या हक्काच्या काहीजणी नाकारल्या जातील. खाली आणली तर नाकारल्या कमी जातील, पण एखादी चुकीची आत येईल. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेघ व्यवहारात नसते. तेव्हा रेघ कुठे आखायची, हे गणित सांगू शकत नाही. चोरीची भीती मोठी की उपाशी राहणाऱ्या बाईची काळजी मोठी, हे आधी कोणीतरी मनात ठरवलेलं असतं, आणि मग ते यंत्रात उतरतं. यंत्रात भावना असलीच तर ती ह्या रेघेत आहे. ज्या सरकारी यंत्रणेला गरिबाचा फक्त संशय येतो, तिचं यंत्रही संशयी निघतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. नेदरलँड्समध्ये करखात्याने बालसंगोपन भत्त्यातली लबाडी शोधायला २०१३ पासून स्वतः शिकणारं यंत्र वापरलं. त्यात परकीय नागरिकत्व हे धोक्याचं चिन्ह धरलं होतं. हजारो कुटुंबांना लबाड ठरवून मोठाल्या रकमा परत मागितल्या गेल्या, संसार कर्जात बुडाले, अशा कुटुंबांतली हजारांहून अधिक मुलं सरकारने घराबाहेर ठेवली. जानेवारी २०२१ मध्ये ह्या प्रकरणावरून तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. इतक्या दूर कशाला जायचं? शेजारच्या तेलंगणात "समग्र वेदिका" नावाच्या यंत्रणेने निरनिराळ्या खात्यांची माहिती जोडून लाभार्थी तपासले. हैदराबादच्या एका विधवेचं रेशन बंद झालं, कारण तिच्या रिक्षा ओढणाऱ्या नवऱ्याचं नाव कोणा मोटारमालकाच्या नावाशी मिळतंजुळतं निघालं. त्या राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली द्यावा लागला. दोन्हीकडे यंत्र बंद पडलं नव्हतं. ते अगदी सुरळीत चालू होतं. धागे तुटत होते आणि पत्री पडत नव्हती.

आता आपल्या दाराशी येऊ. केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करून आंदोलन केलं. मोबाईल निकृष्ट आहेत आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. वर्तमानपत्रांनी ते "मोबाईल वापसी" म्हणून छापलं. मला ते दोरी ओढणं वाटतं. काम बिघडतंय हे ज्यांना सर्वांत आधी दिसलं, त्यांनी रांग थांबवली. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. गरोदरपणात चेहरा सुजतो, बाळंतपणानंतर ओढला जातो, रक्त कमी झालेल्या बाईचा तर सहा महिन्यांत ओळखू येत नाही. म्हणजे ज्या अवस्थेसाठी हा आहार आहे, तीच अवस्था चेहरा बदलते! समोर बसलेली सेविका त्या बाईला नावाने ओळखते, तिचं माहेर सांगू शकते, तिची पाळी कधी चुकली हेही तिला ठाऊक असतं. अशा वेळी निर्णय कोणाचा चालायला हवा?

सोलापूरहून अक्कलकोटकडे येताना कुंभारीला विडी कामगार बायकांची वसाहत लागते. २००६ साली तिथली दहा हजार घरं त्यांनी लढून मिळवलेली आहेत. विडीच्या धंद्यात तपासणारा माणूस खराब म्हणून विड्या बाजूला काढतो, हा अन्याय ह्या बायकांना जुना आहे. पण त्याच्या समोर उभं राहून भांडता येतं, संघटना काढता येते, त्याला लाज वाटायला लावता येते. लाज ही फार कामाची भावना आहे. मोबाईलच्या पडद्यावर "जुळत नाही" एवढी दोन शब्दांची ओळ उमटते, तेव्हा लाजायचं कोणी?

म्हणून यंत्रांना भावना द्या अशी आपली मागणी नाही. ज्यांना भावना आहेत त्यांच्या हातात दोरी द्या, ही आपली मागणी आहे. तिचे चार भाग मला दिसतात. यंत्र नाही म्हणालं तरी सेविकेला स्वतःच्या सहीने, वहीत नोंद करून आहार देता आला पाहिजे, आणि तसं केल्याबद्दल तिच्याकडून खुलासे मागितले जाऊ नयेत. ज्या बाईला नाकारलं तिला कारण लेखी मिळालं पाहिजे, मराठीत, आणि आपल्या भागात कानडी-उर्दूतही. प्रत्येक महिन्याला किती जणींना यंत्राने परत पाठवलं आणि त्यांतल्या किती खऱ्या निघाल्या, हा आकडा ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. कारण जी चूक मोजली जात नाही, तिच्यातून यंत्र काहीच शिकत नाही. आणि शाळेत, कारखान्यात, रस्त्यावर चेहऱ्यावरून मन वाचणारी यंत्रं नकोत.

ह्यांतली पहिली तीन कामं कोणा शास्त्रज्ञाची वाट पाहत नाहीत. येत्या महिन्यात आपापल्या अंगणवाडीत जा, सेविकाताईंशी बोला, परत गेलेल्या बायकांची साधी वही ठेवा. नावं जाहीर न करता फक्त आकडा आम्हाला कळवा. पुढच्या अंकात तालुकावार आकडे छापायचा विचार आहे. "बायका भावनेच्या भरात बोलतात" असं कोणी म्हणालंच, तर ही वही त्याच्यापुढे ठेवता येईल. तिच्यात भावनाही असेल आणि हिशेबही, आणि दोन्ही एकाच बाईच्या हातचे असतील.

पत्रांची वाट पाहते.